कोऱ्या चहाचा उन्हाळा

हा चहा उकळायचा नसतो. पाण्याला आधण आलं की गॅस बंद करायचा, मग पत्ती टाकायची, वर झाकण ठेवायचं आणि पाच मिनिटं त्याच्याकडे फिरकायचं नाही. आपल्याकडे चहाला मारून मारून उकळतात, दूध घालून पुन्हा उकळतात. तसा केलेला चहा बर्फात घातला की गढूळ होतो आणि जिभेला कडू लागतो. न उकळता केला तर तो विटकरी आणि आरपार राहतो. ग्लास उन्हात धरला तर पलीकडची भिंत दिसते, भिंतीवरची पालसुद्धा दिसते.

मार्च सरत आला की नाशिकची द्राक्षं उतरणीला लागतात. बागा रिकाम्या होतात आणि हातगाडीवर घडांऐवजी सुट्टे मणी दिसायला लागतात, जरा मऊ पडलेले, पण साखरेसारखे गोड. दुपारी अंबडच्या शेडचा पत्रा तापून आतलं लोखंड हात लावू देत नाही. मग मी शटर ओढतो, वाटेत ते मणी घेतो आणि घरी येऊन स्वतःसाठी एक ग्लास करतो. माझी बायको मंदा त्या वेळी आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेते. तिला वास सहन होत नाही. व्हिस्कीचा नव्हे, व्हिस्कीचा वास तिने पंचवीस-तीस वर्षं सहन केला. तिला चहाचा सहन होत नाही.

दोन उन्हाळ्यांपूर्वी याच चहावरून माझ्या मुलाचं ठरत आलेलं लग्न मोडलं. नात्यातली माणसं म्हणतात की चहाने मोडलं. मी म्हणू देतो.

माझा धंदा जुन्या मशिनींचा. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एखादा कारखाना बसला की त्याचे लेथ, प्रेस, ड्रिल मी उचलतो, दुरुस्त करून चालत्या कारखान्याला विकतो. सतराव्या वर्षी नामपूरहून आलो तेव्हा याच वसाहतीत मशिनीखालचा लोखंडाचा कीस झाडत होतो. पुढचं सगळं जिभेवर कमावलं. सौद्याला बसलं की हवी असलेली वस्तू सोडून बाकी सगळीकडे बघायचं असतं, आणि गप्प बसता आलं पाहिजे. समोरच्याला शांतता झेपत नाही. ती भरून काढायला तो स्वतःच खाली उतरतो. बुडालेल्या कारखानदाराचा चेहरा मला पाठ आहे. तो आपल्याला केबिनमध्ये बसवतो, कप-बशी धुऊन आणवतो, मुलांचं शिक्षण सांगतो. मी त्याचा चहा शेवटच्या घोटापर्यंत पितो आणि मग त्याच्या मशिनीचा भाव पाडतो. चहा अर्धा सोडला तर माणूस सावध होतो.

राग माझ्याकडे जन्मापासून आहे आणि तो मी लपवत नाही. खुर्ची मागे सरकवून उठलो आहे, आणि फाटकापर्यंत जायच्या आत मला परत बोलावलेलं आहे. एकदाच कुणी बोलावलं नाही. तो लेथ आज दुसऱ्याच्या शेडमध्ये फिरतो. त्या रस्त्याने गेलो की त्याचा आवाज मला ओळखू येतो.

चहा निवला की त्यात फळं. हे मला सुयोगने शिकवलं. सुयोग माझा एकुलता एक मुलगा, पुण्याला नोकरीला असतो. त्या उन्हाळ्यात तो दर शनिवारी रात्री घरी यायचा आणि रविवारी दुपारी ओट्याशी उभा राहून हे पेय करायचा. द्राक्षं लाटण्याच्या टोकाने ठेचायची, पण पुरती चिरडायची नाहीत. लिंबाची साल किसायची, आतला पांढरा भाग येऊ द्यायचा नाही. पुदिन्याची पानं तळहातावर ठेवून एकच टाळी वाजवायची, म्हणजे वास सुटतो. मग साखरेचा पाक, मग चहा, बर्फ, आणि सगळ्यात शेवटी व्हिस्की, दोन झाकणं. आमच्या वेळी व्हिस्कीत पाणी असायचं आणि बाजूला खारे दाणे. मी त्याला म्हणालो की हे सरबत तुझ्या आईला दे. तो म्हणाला, बाबा, आधी एक घोट घ्या, मग काय तो अपमान करा.

घेतला. आधी द्राक्ष लागतं. त्याच्यामागून चहाचा तुरटपणा येतो आणि जिभेच्या दोन्ही कडा आवळतो. गिळून झाल्यावर, आपण विसरलेलो असताना, छातीत व्हिस्की आपली ओळख सांगते. मला आवडलं. आयुष्यात मला कुणी हातात आणून दिलेलं फार थोडं आवडलं आहे, त्यातलं हे एक. आम्ही बाप-लेक गॅलरीत बसायचो, कूलरला पाठ लावून. तो बोलायचा आणि मी ऐकायचो. शेडमधल्या कुणी मला असं बसलेलं बघितलं असतं तर ओळखलं नसतं.

अशाच एका दुपारी, दुसऱ्या ग्लासावर, त्याने ऋतुजाचं नाव घेतलं. त्याच्याच ऑफिसात होती. दोन वर्षं झाली होती, आणि आता घरच्यांना भेटवायचं म्हणत होता. ती मूळची नामपूरची, असं तो म्हणाला तेव्हा मी बर्फ चावत होतो. मग त्याने तिच्या वडिलांचं नाव सांगितलं, भास्करराव, कांद्याचे व्यापारी. मी बर्फ तसाच गिळला.

"तुमच्याच गावची निघाली बाबा," सुयोग हसत म्हणाला. त्याला वाटलं, मला बरं वाटेल.

नामपूरला आमच्या दोन खोल्या भास्कररावांच्या घराला लागून होत्या. त्यांचं घर रस्त्यावर, आमचं त्यांच्या मागे. रस्त्यावर यायचं तर त्यांच्या अंगणावरून यावं लागे. माझे वडील, आप्पा, बाजार समितीत हमाल होते. भास्कररावांच्या वडिलांच्या कांद्याच्या गोण्या त्यांनी आयुष्यभर पाठीवर वाहिल्या. उन्हाळ कांद्याच्या दिवसांत त्यांच्या अंगाला जो वास यायचा तो आंघोळीने जात नसे. मला तो वास आजही येतो, बाजारात नाही, आठवणीत. आप्पा त्याच दिवसांत गेले. सकाळी पाणी मागितलं आणि पाणी आणेपर्यंत संपले. मी सतरा वर्षांचा होतो.

भास्कररावांच्या अंगणात त्या दिवशी मांडव होता. भास्कररावांचं लग्न उद्यावर आलेलं, दुपारी हळद. बायका जात्यावर गाणी म्हणत होत्या. मयत न्यायची तर मांडवाखालून न्यावी लागली असती. भास्कररावांच्या आई, त्यांना सगळा गाव जिजी म्हणायचा, स्वतः आमच्या दारात आल्या. आत आल्या नाहीत. उंबऱ्याच्या बाहेर उभ्या राहून त्यांनी माझ्या मायला सांगितलं की मयत मागच्या गल्लीने काढा. मागची गल्ली म्हणजे दोन भिंतींमधली गटाराची वाट. तिथून तिरडी आडवी जात नव्हती. आप्पांना आम्ही कलते करून नेलं, चार खांदे लागत नव्हते, पुढे एक आणि मागे एक. भिंतीला घासून माझ्या कोपराचं सालटं निघालं. मागून माय येत होती. तिने पदराचा बोळा तोंडात धरला होता आणि तोच काढून ती माझ्या कानाशी म्हणाली, "रडू नको, तेसनी हळद शे."

त्यांची हळद. म्हणून आम्ही रडायचं नाही.

पण मी आयुष्यभर धरून ठेवलं ते याहून बारीक आहे. आमच्या बाजूला ज्या घरात माणूस जातं त्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे लोक भाकरी आणतात, आणि सकाळ-संध्याकाळ चहा आणतात. तो चहा कोरा असतो. दुःखाच्या घरी दुधाचा चहा कुणी नेत नाही. किटलीतला काळा चहा बघितला की गावात विचारतात, कुणाकडे झालं. म्हणून एरवी आमच्याकडे कोणी कोरा चहा करत नाही, पाहुण्याला तर मरेपर्यंत देत नाही. दहा दिवस सगळ्या आळीतून आमच्याकडे कोऱ्या चहाच्या किटल्या आल्या. ज्यांच्याकडे दोन वेळचं नव्हतं त्यांच्याकडूनही आल्या. लागून असलेल्या घरातून, ज्यांच्या गोण्या आप्पांनी वाहिल्या त्या घरातून, एक कप आला नाही. लग्नघरात कोरा चहा कसा करायचा. त्यांच्याकडून वास येत होता तो बुंदीचा.

महिन्याभरात मी गाव सोडला. माय नंतर नाशिकला आली, इथेच गेली, तिच्या दहा दिवसांत मी कुणालाही चहा आणू दिला नाही. लोक सांगतात की जुनं विसरून जा. हे सांगायला येणारा माणूस नेहमी त्या अंगणातला असतो, त्या गल्लीतला नसतो.

मंदा पंचवटीतली. तिच्या माहेरी कोरा चहा पित्तावर घेतात, वर लिंबू पिळून. आप्पांची तिरडी कलती नेली हे मी तिला लग्नानंतर सांगितलं होतं. किटल्यांचं सांगितलं नव्हतं. सुयोगला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. माणसाने आपल्या मुलापुढे आपण कोणत्या वाटेने आलो ते मांडावं, गटाराची वाट मांडू नये, असं मला वाटायचं.

मी लग्नाला विरोध केला नाही. विरोध करणं म्हणजे आपल्याला काय हवं आहे ते समोरच्याला दाखवणं. भास्कररावांशी फोनवर बोललो. तो माणूस फोनवर आदबीने बोलला, जुन्या शेजाऱ्यासारखा, मला एकेरीत, पण मायेने. म्हणाला, सुभाष, तू नाव काढलंस गावाचं. रविवारी सगळे येतील असं ठरलं; तो, त्याची बायको, मुलगी आणि जिजी. नव्वदीला टेकलेल्या जिजीचा शब्द त्या घरात अजून शेवटचा होता. तिने मुलगा बघून हो म्हटलं की तिथेच सुपारी फोडायची.

त्या आठवड्यात मी सुरगाण्याच्या रस्त्याला गेलो होतो, एका बंद भातगिरणीची मोटर बघायला. सुयोगने फोनवर सांगितलं होतं की मिळाली तर स्ट्रॉबेरी आणा. वळणावर एक बाई शेवटच्या तोडीचे खोके घेऊन बसली होती. फळ बारीक होतं, एका बाजूने नरम. मी भाव पाडला. ती म्हणाली, शेवटला माल हाय दादा, यापरीस खाली नाय जमायचं. मी अजून पाडला आणि गप्प बसलो. तीही गप्प बसली. मी गाडीकडे वळलो, दार उघडलं, कुणी हाक मारली नाही. मग म्हणालो, संध्याकाळी फेकूनच देणार आहेस ना. बाईने माझ्याकडे बघत खोकं उचललं आणि माझ्या पुढच्या चाकापाशी पालथं केलं. वर पायाने सारखं केलं. लाल चिखल झाला. गाडी काढायची तर त्याच्यावरूनच काढावी लागली.

दुसरं खोकं मी तिच्या भावाने घेतलं. एवढ्या वर्षांत मला सौद्यात हरवणारं माणूस मी बघितलं ते तेच, आणि तिने ते स्वतःचा माल मातीत घालून केलं. घाट उतरेपर्यंत मी तिचाच विचार करत होतो.

शनिवारी रात्रीच्या ऐवजी सुयोग सकाळीच आला. त्याने घर झाडलं, गॅलरीतल्या कुंड्या पुसल्या, काचेचे उंच ग्लास नवे आणले. दुपारी ओट्याशी उभा राहून त्याने मला विचारलं. उद्या इतक्या उन्हात गरम चहा कशाला, तो म्हणाला, मी सगळ्यांना माझा थंड चहा देतो. बायकांना नुसता, तुम्हाला आणि ऋतुजाच्या बाबांना व्हिस्कीचा; ते घेतात, तिने सांगितलंय. मग जरा घुटमळला.

"आजींना चालेल ना?"

मी त्याच्याकडे बघितलं नाही. मी स्ट्रॉबेरीचे देठ काढत होतो.

"चालेल," मी म्हणालो.

एवढाच शब्द. मी आयुष्यात हजारो सौदे केले, इतक्या कमी शब्दांत एकही केलेला नाही.

रविवारी ते आले. चौतीस-पस्तीस वर्षांनी मी जिजीला बघितलं. ती इतकी लहान झाली होती की सोफ्यावर तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. भास्करराव जाडजूड, केस रंगवलेले, अंगाला अत्तर, पण अत्तराच्या खाली कांदा होताच. ऋतुजा मंदाच्या मागे मागे स्वयंपाकघरात गेली आणि दोन मिनिटांत दोघींचं हसणं ऐकू आलं. चांगली मुलगी होती. हे मी आज सांगतो असं नाही, तेव्हाही मला दिसत होतं. तिने पायातल्या चपला दाराबाहेर नीट जोडीने लावल्या होत्या, आणि शेजारी जिजीच्याही लावल्या होत्या.

सुयोग ट्रे घेऊन आला. ग्लासांवर घाम सुटलेला, आत द्राक्षं, पुदिना, स्ट्रॉबेरीच्या लाल चकत्या. उन्हाची तिरीप ट्रेवर पडली आणि सगळा चहा पेटल्यासारखा दिसला. सुंदर दिसत होतं, याबद्दल वाद नाही. मोठ्या माणसाचा मान म्हणून त्याने पहिला ग्लास जिजीपुढे धरला. तिने दोन्ही हातांनी घेतला, डोळ्यांपाशी नेला, मग नाकापाशी. फळांच्या पलीकडचं तिला बरोबर दिसलं.

"हाऊ कोरा चहा शे का?"

"हो आजी," सुयोग कौतुकाने म्हणाला, "कोराच. दूध अजिबात नाही."

जिजीने ग्लास टेबलावर ठेवला नाही. वाकून जमिनीवर ठेवला आणि हात लुगड्याला पुसले. भास्कररावांची बायको उठून उभी राहिली. भास्कररावांच्या हातातला ग्लास ओठांपर्यंत गेला होता, तो तिथेच थांबला.

"कोन मरनं?" जिजीने विचारलं. तिने सुयोगला विचारलं नाही. माझ्याकडे बघून विचारलं.

सुयोग आधी हसला. त्याला वाटलं, म्हातारीचा विनोद. मग त्याने एकेकाचा चेहरा बघितला आणि शेवटी माझा. मी काहीतरी बोलेन म्हणून तो थांबला. जिजी थांबली. भास्करराव थांबले. मला गप्प बसता येतं. शेवटी भास्कररावांच्या बायकोने पिशवीतून वर काढलेला नारळ पुन्हा पिशवीत घातला, आणि सगळे उठले. ऋतुजा स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली तेव्हा तिची आई जिजीला चपला घालत होती. काय झालं, काय झालं, असं ती तिघांनाही विचारत होती, आणि तिला कुणी सांगेना.

सुयोगने त्या रात्री सगळी माहिती काढली, नेटवरून नव्हे, ऋतुजाकडूनच. सोयरीक करायला आलेल्या घरच्या थोरल्या बाईच्या हातात मयतीचा चहा. त्याने कपाळावर हात मारला. मला म्हणाला, बाबा, आपल्याला माहीतच नव्हतं हो, तुम्ही लहानपणी गाव सोडलंत, तुम्हाला तरी काय ठाऊक असणार. त्याने स्वतःच माझी सुटका करून टाकली. मी पेपर वाचत होतो.

मंदा मात्र माझ्याकडे बघत राहिली. ती माझ्याबरोबर सव्वीस वर्षं राहिली होती. मी गप्प बसतो तेव्हा काय चाललेलं असतं ते तिला कारखानदारांपेक्षा जास्त कळतं.

या वर्षी द्राक्षं लवकर संपली. पुदिना मात्र कुंडीत माजला आहे. ऋतुजाचं लग्न मागच्या हिवाळ्यात झालं, हे मला नामपूरहून कांदा घेऊन आलेल्या एका ट्रक ड्रायव्हरकडून कळलं. मुलगा पुण्याचाच आहे म्हणाला. सुयोग आता मंदाला फोन करतो, मी शेडवर असतो त्या वेळी. माझ्या तब्येतीचं विचारतो, असं मंदा सांगते. खरं असेल.

त्या रविवारनंतर आठ दिवसांनी भास्करराव एकटे आले. दुपारची वेळ होती. सुयोग घरीच होता. सुट्टी वाढवून थांबला होता, कारण ऋतुजाने त्याला कळवलं होतं की बाबा येतायत, तोडगा निघेल. मी भास्कररावांना हॉलमध्ये बसवलं आणि ओट्याशी गेलो. सुयोग म्हणाला, बाबा, साधं पाणी द्या, काय करताय. मी त्याला बाजूला केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते पेय माझ्या हाताने केलं. चहा उकळला नाही. पुदिन्याला एकच टाळी दिली. व्हिस्की दोनच्या जागी तीन झाकणं घातली आणि ग्लास नेऊन भास्कररावांच्या पुढे ठेवला.

त्यांनी ग्लासाकडे बघितलं, हात लावला नाही. तरी बसले. मुलीच्या बापाला बसावंच लागतं.

मग त्यांनी सौदा मांडला. त्यांच्याजवळ सौदा होता, आणि चांगला होता. ऋतुजा आठ दिवस घरात कुणाशी बोलली नव्हती. जिजी ऐकत नव्हती, पण परवा जरा नरमली. तिचं म्हणणं एवढंच की अजाणतेपणी झालं असेल तर दोष नाही, देवापुढे दिवा लावून पुढे जाऊ. जाणूनबुजून असेल तर त्या घरात पोरगी द्यायची नाही. भास्कररावांनी जिजीला समजावलं होतं की सुभाष सतराव्या वर्षी बाहेर पडला, शहरात वाढला, त्याला कोऱ्या चहाचं कुठलं माहीत असणार.

"तू फक्त एवढं म्हण, मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "मी फोन लावतो, जिजीच्या कानाला देतो. बाकी काही नको."

सुयोग स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याच्या हातात सुरी होती, लिंबू चिरता चिरता आलेला. त्याच्या चेहऱ्यावर मी आठ दिवसांत पहिल्यांदा रंग बघितला. त्याच्या हिशेबी काम झालं होतं. खरी गोष्ट सांगायची होती आणि ती सांगायला एक श्वास पुरत होता. त्याच्यामागे मंदा होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

मी भास्कररावांना विचारलं, मागची गल्ली आठवते का.

"कुठली गल्ली?"

मी सांगितलं. तुमची हळद, आमची मयत, जिजी उंबऱ्यात, तिरडी कलती. सगळं एका दमात नाही सांगितलं. सौद्यात सांगतात तसं, थांबत थांबत. किटल्यांचंही सांगितलं. भास्करराव ऐकत होते आणि त्यांच्या कपाळावर आठी पडत होती, अपराधाची नव्हे, आठवायचा प्रयत्न करणाऱ्या माणसाची.

"आप्पा माझ्या हळदीला गेले?" ते म्हणाले. "मला कुणी सांगितलंच नाही रे. मी पाटावर बसलो होतो. मला वाटायचं, तुम्ही गाव सोडलात त्यानंतर कधीतरी गेले."

मी आयुष्यात अनेक माणसांना पडलेलं बघितलं आहे. मला वाटलं होतं की या एका माणसाला पडताना बघितलं की काहीतरी सुटेल. आणि हा माणूस खोटं बोलत नव्हता. मला खोटं लगेच कळतं, माझं पोट त्यावर चालतं. त्याला खरंच माहीत नव्हतं. आम्ही पदराचा बोळा तोंडात धरला, आणि तो इतका घट्ट धरला की भिंतीपलीकडे आमचा बाप मेला हे त्यांना पस्तीस वर्षं ऐकू गेलं नाही. आम्ही त्यांचं काम इतकं चांगलं केलं होतं.

त्याने खिशातून फोन काढला. नंबर शोधला. अंगठा त्यावर ठेवून माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत विनंती होती. माझ्या आप्पांच्या डोळ्यांत गोण्या उचलण्यापूर्वी असायची तशी.

"मला माहीत होतं," मी म्हणालो.

सुयोगने सुरी ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. भास्कररावांनी फोन बंद केला, खिशात घातला, खिशाचं बटण लावलं. मग त्यांनी तो ग्लास उचलला. मला वाटलं, फेकतील. त्या तयारीने मी पाय मागे घेतले. त्यांनी तो प्यायला. घाई न करता, मध्ये न थांबता, तळाची द्राक्षंसुद्धा चावून खाल्ली. रिकामा ग्लास ठेवला, मिशीवरून हात फिरवला आणि उठले.

दुःखाच्या घरून निघताना आमच्याकडे कुणी 'येतो' म्हणत नाही. पुन्हा अशाच कारणाने यावं लागू नये म्हणून. माणूस नुसता उठतो आणि मागे न बघता जातो. भास्करराव तसे गेले. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

चारच्या गाडीला सुयोगने बॅग भरली. मंदाने डबा दिला, तो त्याने घेतला. नवे ग्लास तिथेच राहू दे म्हणाला. तिच्या पाया पडला. मग माझ्या समोर आला, वाकला आणि माझ्याही पायांना हात लावला, दोन्ही हातांनी, जसं आम्ही त्याला लहानपणी शिकवलं होतं. दारात बसून बुटाची नाडी बांधली. मी तोंडात शब्द तयार ठेवला होता, त्याने 'येतो' म्हटलं की आपण 'ये' म्हणायचं.

तो काही न म्हणता उतरला.